चौदा नंबरची काठी

पुंता आरेनास, ९ नोव्हेंबर १९९८

प्रिय एलादियो,

बर्फाचा डबा सुखरूप पोचला. विमानतळावरच्या माणसाने तो हातात देताना विचारलं, "मासे का, मॅडम?" मी म्हटलं, "नाही, हवा आहे. जुनी." मग तो माझ्याकडे असा बघत राहिला की मलाच लाज वाटली.

तुझ्यामुळे तारांगणाचा नवा खेळ सुरू झाला. आधी मुलांना दक्षिणेचे तारे दाखवते, मग तुमची हिमनदी. हिमनदी चालते यावर कुणाचा विश्वास बसत नाही, म्हणून मी एक युक्ती काढली आहे. लांब ताटात रव्याची घट्ट खीर, तिच्यात आडव्या सरळ रांगेत आगकाड्या, आणि ताट जरा कलतं करायचं. कडेच्या काड्या जागच्या हलत नाहीत, मधल्या पुढे सरकतात आणि रांगेचं धनुष्य होतं. पोरं ओरडतात, "मॅडम, मधला पळाला!" खीर नंतर आम्ही खातो, काड्या काढून.

शेवटी मी सगळे तारे मालवते. कोमट पाण्याच्या पेल्यात छोटा माइक सोडते आणि तुझ्या बर्फाचा तुकडा टाकते. तापल्या तव्यावर मीठ उडावं तसा आवाज घुमटभर होतो. मी सांगते, हजारो वर्षं कोंडलेली हवा आत्ता बाहेर पडते आहे. तेव्हा साठ मुलं आपापला श्वास रोखून धरतात. मी सांगितलेलं नसतं तरी.

आता खरं कारण लिहिते. गेल्या आठवड्यात मृतांचा दिवस झाला. आईने बाबांसाठी, मावशीसाठी, बुडालेल्या दोन मामांसाठी मेणबत्त्या लावल्या. पोटच्या येर्कोसाठी यंदाही लावली नाही. अकरावं वर्ष. मी विचारलं तर म्हणाली, "त्याला बर्फावर वाट दाखवणाऱ्या काठ्यांची रांग धरून चाल म्हणून सांगितलं होतं. तो रांग सोडून गेला. ज्याने मला सोडलं त्याला मी काय उजेड दाखवू?"

अपघाताच्या चौकशीच्या कागदात तेच लिहिलं आहे ना: स्वतःच्या मर्जीने रांग सोडून शंभर मीटर खाली गेले. आई एकोणऐंशीची झाली. डॉक्टर तिच्या छातीला नळी लावतात आणि मग माझ्याशी बाहेर बोलतात. अशा रागात तिने जाऊ नये, एवढंच मला हवं आहे. त्या दिवशी छावणीवर तू आणि येर्को दोघंच होता. तो का गेला असेल? त्याने काही पाहिलं होतं का? तिला सांगता येईल असं काहीतरी लिही. छोटं असलं तरी चालेल.

नेवेन्का

*

हिमनदीवरची छावणी, २८ नोव्हेंबर १९९८

नेवेन्का,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमच्या आईंना, दोन्या एउदोसियांना, माझा नमस्कार सांगा. त्यांच्या हातचे बटाट्याचे मिल्काओ आठवतात. इथे डब्यातला बटाटा उकडला तरी साबणासारखा लागतो.

त्या दिवसाबद्दल मला जे माहीत होतं ते मी तेव्हाच सांगितलं आहे. वारा होता. समोरचं काही दिसत नव्हतं.

येर्कोची आनिमिता ठीक आहे. दर उन्हाळ्यात मी आधी तिच्याकडे जातो. अपघातात कुणी गेलं की आपण रस्त्याकडेला असं छोटं घर उभं करतो. ते जागचं हलत नाही, आत्म्याला पत्ता सापडतो. इथे मात्र पत्ताच चालतो. वर्षाला एकशे दहा मीटर. येर्को भेगेत पडला त्या जागेपासून ती आता बाराशे मीटर खाली आली आहे, समुद्राच्या बाजूला. मी तिचं दार दर वर्षी समुद्राकडे करून ठेवतो. परत येतो तेव्हा ते छावणीकडे झालेलं असतं. बर्फ वाहताना वळतं, त्याच्याबरोबर तीही वळते, हे मला कळतं. हे मी तुमच्या मुलांनाही समजावून देईन. पण अकराच्या अकरा वर्षं ती नेमकी छावणीकडेच कशी वळते, ते मात्र समजावता येणार नाही.

सोबत दुसरा डबा पाठवतो. यातलं बर्फ वेगळं आहे. मुलांना ऐकवण्याआधी एकदा एकटीने ऐका.

एलादियो

*

पुंता आरेनास, १४ डिसेंबर १९९८

प्रिय एलादियो,

एकटीने ऐक म्हणाला होतास, पण मी ऐकलं नाही. शाळेची बस दारात उभी होती, पहिल्या डब्यातलं बर्फ संपलं होतं. मी नवा डबा उघडला. आतला तुकडा निळा होता, काचेसारखा, आणि मधोमध बुडबुड्यांची एकच बारीक ओळ.

दिवे मालवले, तुकडा पाण्यात टाकला. तडतड नाही. काहीच नाही. मुलं चुळबुळायला लागली. मग घुमटात एक लांब आवाज आला, हलकेच सोडल्यासारखा. पुन्हा शांतता. पुन्हा एक लांब. मग एक आखूड, आणि शेवटी बारीक शिट्टी. मी वाट पाहिली. परत तसंच झालं: दोन लांब, एक आखूड, शिट्टी. पुढच्या रांगेतली एक मुलगी माझ्या हाताला धरून कुजबुजली, "मॅडम, हळू बोला. ते झोपलंय."

मुलं गेल्यावर मी माइक बदलला. वायर बदलली. घरच्या शीतकपाटातलं बर्फ टाकून पाहिलं, ते मुकं होतं. तुझा दुसरा तुकडा टाकला आणि पुन्हा तेच. दुपारचे तीन वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं, पण मला घुमटाचं दार उघडं ठेवावंसं वाटलं.

आईला काही सांगितलं नव्हतं. शनिवारी तीच हट्टाने आली. "तुझ्या त्या छपराच्या भोकांना लोक तारे म्हणतात ते तरी बघू दे." सगळा वेळ शेरे मारत होती. खीर पाहून, "रवा वाया." हिमनदी पाहून, "एवढी थंडी दाखवायला तिकीट कशाला, खिडकी उघड." मग मी अंधार केला. तिच्यासमोर जुनं तडतडणारं बर्फ टाकायचं ठरवलं होतं. अंधारात हाताला निळाच तुकडा लागला.

तिसऱ्या वेळी ती शिट्टी आली आणि शेरे थांबले. मग म्हणाली, "येर्कोचं नाक असंच वाजायचं. लहानपणी पडून हाड वाकडं झालं तेव्हापासून. पोरी, दिवे लावू नकोस अजून."

तेव्हापासून दोन दिवस ती जेवणाच्या टेबलावर बसून असते. रागावलेली वाटत नाही, घाबरलेली वाटते. काल विचारत होती, "आनिमिता कशी दिसते गं त्याची? कुणी रंगवली की नाही?" अकरा वर्षांत तिने पहिल्यांदा काही विचारलं. तर मला नीट लिही: कशाची केली आहे, केवढी आहे, कशावर उभी आहे. मी तिला वाचून दाखवीन.

आणि हे बर्फ तू कुठून कापलंस?

नेवेन्का

*

छावणी, ३ जानेवारी १९९९

नेवेन्का,

घाबरवायचा हेतू नव्हता. मला इथे जे ऐकू येतं ते तुम्हालाही ऐकू येतं का, एवढंच पाहायचं होतं. या हंगामात आल्यावर मी सतरा दिवस एकटाच होतो, आणि एकट्या माणसाच्या कानावर मी विश्वास ठेवत नाही.

ते बर्फ हजारो वर्षांचं नाही. मुलांना तसं सांगितलं असेल तर दुरुस्त करा. भेग खाली सरकत आली तसतशी मिटत गेली. आत पाणी गेलं आणि गोठलं. आता तिथे बर्फात हातभर रुंदीचा निळा पट्टा उरला आहे, जखम भरल्यावर राहतो तसा. त्यातून कापलं. ती अकरा वर्षांपूर्वीची हवा आहे. शास्त्र म्हणेल, त्या बर्फात दाब नसतो, आवाज यायला नको. मीही तेच म्हटलं असतं. येर्कोला मी घरी पाठवू शकलो नाही. म्हटलं, त्याच्या आसपासचं थोडं काही तरी जाऊ दे.

आनिमितेबद्दल दोन्या एउदोसियांना वाचून दाखवा: ती तेलाच्या पत्र्याच्या डब्याची केली आहे, दोन वितींची. छप्पर उतरतं आहे, तुमच्या घरासारखं. भिंती पिवळ्या, छप्पर लाल. रंग दर दोन वर्षांनी मी देतो. दाराला बिजागरी आहे. आत कुमारी मातेचं चित्र आणि येर्कोचा चमचा. घर बांबूच्या काठीवर खिळ्याने ठोकलं आहे. काठी मात्र मी रंगवत नाही, ती त्या वेळी भेगेच्या काठावर होती तशीच ठेवली आहे. तिच्यावर येर्कोच्याच हातचा लाल आकडा अजून वाचता येतो, चौदा. चारचा पाय तो नेहमी वाकडा काढायचा, आठवतं?

एकोणीस तारखेला, येर्को गेला त्या दिवशी, मी तिथे जाईन. त्यांच्या वतीने मेणबत्ती लावू का, विचारून कळवा.

एलादियो

*

पुंता आरेनास, ११ फेब्रुवारी १९९९

एलादियो,

उत्तराला महिना लावला. तुझं पत्र आईला वाचून दाखवलं ते आकडा येईपर्यंत. तिथे मी थांबले. तिला वाटलं माझा आवाज बसला.

तुला आठवत नसेल, येर्कोने पहिल्या उन्हाळ्यात मला लिहिलं होतं: सत्तावीस काठ्या आहेत, छावणीपासून पलीकडच्या खडकापर्यंत, आडव्या एका रांगेत. त्यांवर आकडे त्यानेच घातले. चौदावी अगदी मधोमध.

मग रांगेतली चौदावी काठी रांगेपासून शंभर मीटर बाहेर, भेगेच्या काठावर, काय करत होती?

सुरुवातीला मी तुझ्या बाजूने विचार केला. म्हटलं, नंतर उपटून तिथे नेली असेल. पण तू लिहिलंस, आहे तशीच ठेवली. मग एका सकाळी शाळा यायची होती, मी खीर केली, सत्तावीस काड्या मोजून लावल्या आणि ताट कलतं केलं. आजवर शेकडो वेळा केलं असेल. चौदावी काडी सगळ्यांच्या पुढे गेली. मी पट्टी घेऊन मोजलं. मग पट्टी खाली ठेवली, कारण पट्टीची गरज नव्हती. तूच लिहिलं आहेस, वर्षाला एकशे दहा मीटर. रांग आदल्या उन्हाळ्यात लावली होती. येर्को गेला तेव्हा तिला एक वर्ष झालं होतं.

दर हंगामात सर्वांत आधी रांग मोजून पुन्हा सरळ लावायची, असा तुमचा नियम आहे. मी तो रोज मुलांना सांगते. माझ्या निवेदनातलं ते वाक्य तूच मला लिहून दिलंस.

बस आली. मुलं ओरडली, "मॅडम, मधला पळाला!" मी त्यांना हसून हो म्हटलं. मला ते कसं जमलं ते माहीत नाही.

येर्को रांगेवर होता का? एका शब्दात लिही. वाऱ्याबद्दल लिहू नकोस.

नेवेन्का

*

छावणी, २ मार्च १९९९

नेवेन्का,

होता.

तुम्ही एक शब्द मागितला, तो दिला. पुढचं वाचायचं नसेल तर वाचू नका. पण मी ते कुणाला कधी लिहिलेलं नाही.

रांग मोजायचं काम माझं होतं. सहा तास लागतात. माझी दाढ सुजली होती, चार दिवस झोप नव्हती, वारा पडत नव्हता. मी मागच्या वर्षीची वही काढली, आकड्यांत इकडेतिकडे थोडा फरक केला आणि सही केली. एका वर्षात काय होणार आहे, असं वाटलं. मध्याला बर्फ किती धावतं ते तेव्हा आम्हालाही नीट माहीत नव्हतं. ते कळावं म्हणूनच तर मोजायचं होतं.

एकोणीस जानेवारीला पलीकडच्या खडकावरून यंत्राची नोंद आणायची पाळीही माझीच होती. सकाळी येर्को म्हणाला, "रांग मोजलीस ना, गालफुग्या?" मी म्हटलं, "मोजली." तो म्हणाला, "मग मी जातो. तू दाढ सांभाळ, आणि माझ्या वाटणीचं चॉकलेट चघळू नकोस." तो काठी-काठी करत गेला. मी दारातून पाहत होतो. त्याने एकही काठी चुकवली नाही. तेराव्या काठीपाशी थांबून त्याने मागे हात केला. चौदावीपाशी तो नव्हता.

मी दोर घेऊन गेलो. दिवसभर हाका मारल्या. सुरुवातीला खालून उत्तर येत होतं, ते शब्दांत नव्हतं. नंतर नुसता श्वास ऐकू यायचा. तुम्ही आणि दोन्या एउदोसियांनी जो ऐकला तो मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ऐकला आहे. म्हणून तो डबा पाठवला. लपवलेली गोष्ट मी स्वतःच का पाठवली, ते मला सांगता येणार नाही. हात थांबला नाही, एवढंच.

विमानाला यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी काठ्या उपटल्या आणि वरच्या अंगाला पुन्हा सरळ रेषेत लावल्या. जानेवारीत इथे अंधार पडत नाही. मी जे केलं ते सगळं उजेडात केलं. फक्त चौदावी अगदी भेगेच्या तोंडाशी होती, तिच्यापर्यंत जायची मला हिंमत झाली नाही. तिच्या जागी आकडा नसलेली नवी काठी लावली. चौकशीला आलेल्या लोकांनी नवी रांग पाहिली, खाली भेग पाहिली, आणि लिहून घेतलं. एकानेही काठीवरचे आकडे वाचले नाहीत. मी वाट पाहत होतो, कुणीतरी वाचेल.

तेव्हापासून दर वर्षी मी इथे येतो. लोकांना वाटतं, मला बर्फाचं वेड आहे.

एलादियो

*

पुंता आरेनास, १५ मार्च १९९९

एलादियो,

तुझं पत्र मी आईला पूर्ण वाचून दाखवलं. ती तिचा माते, तो कडू पाल्याचा चहा, पीत होती. पेला तिने बाजूला सारला. मग म्हणाली, "म्हणजे तो काठ्या धरूनच चालला होता."

मी म्हटलं, "हो."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"आणि मी अकरा वर्षं पोराशी बोलले नाही."

मला वाटलं, आता ती तुला शिव्या देईल. आमच्या चिलोए बेटावरच्या बायकांच्या शिव्या तू ऐकल्या आहेस. तिने दिल्या नाहीत. मी मेणबत्ती काढून आणली तर माझ्यावरच खेकसली, "ठेव ती आत. मेणबत्तीचं नंतर बघू. कागदावर अजून तसंच लिहिलंय ना? मर्जीने गेला म्हणून? मग आधी कागद."

मी तुझ्याबद्दल काय वाटतं ते लिहायला बसले होते, दोन पानं फाडली. तू आमच्या टेबलावर जेवलेला मुलगा आहेस. येर्को गेल्यावर चौथ्या दिवशी तू याच दारात उभा राहून रडलास आणि आईने तुलाच जवळ घेतलं, "तू तरी सांगितलेलं ऐकलंस" म्हणून. ते वाक्य मला झोपू देत नाही. तुला कसं झोपू दिलं?

निळ्या बर्फाचा एक तुकडा उरला होता. आई म्हणाली, मला ऐकव, आणि दुसरं कुणी नको. सोमवारी तारांगण बंद असतं. मी तिला मधल्या खुर्चीत बसवलं, गुडघ्यांवर लोकरीची शाल घातली. तारे लावले नाहीत. तुकडा टाकला. दोन लांब, एक आखूड, शिट्टी. पेल्यावर छोटा दिवा असतो, त्यात मला तुकडा लहान होत जाताना दिसत होता. नखाएवढा झाला, मग तोही गेला. नुसतं पाणी राहिलं.

आवाज थांबला नाही.

दोन लांब, एक आखूड, शिट्टी. मी माइक बंद केला. तरीही येत होता, आता घुमटातून नाही, माझ्या मागून. एलादियो, वीस वर्षं मी अंधारात काम करते, अंधाराची मला भीती नाही. पण दिव्याची कळ शोधताना माझा हात कुठल्या कुठे जात होता.

दिवे लागले. आई झोपली होती. मान एका बाजूला पडली होती, तोंड थोडं उघडं, नाक वाजत होतं. तिचंही तसंच वाजतं. आम्ही सगळे येर्कोच्या पडण्याला दोष देत होतो, आणि आईला झोपलेली मी कित्येक वर्षांत पाहिलीच नव्हती. मी उठते तेव्हा ती आधीच टेबलाशी असते.

मी तिला उठवलं नाही. तासाभराने ती आपणच जागी झाली. कुठे आहोत ते तिला क्षणभर कळलं नाही. मग माझ्याकडे बघून विचारलं, "लिहिलं का एलादियोने, कागद बदला म्हणून?"

तिला काय सांगू?

नेवेन्का

*

छावणी, २९ मार्च १९९९

नेवेन्का,

हंगामाचं शेवटचं विमान आज आहे. मी त्याने येत नाही, सामानाबरोबर जहाजाने येईन. त्या विमानाने दोन पाकिटं जात आहेत. एक तुमचं. दुसरं चौकशी समितीला, पोच मागून. त्याची प्रत इथे उतरवतो. शब्द कसे असावेत हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून साधे लिहिले.

"१९ जानेवारी १९८८ च्या अपघाताबद्दल मी दिलेला जबाब खोटा होता. येर्को यांनी काठ्यांची रांग सोडली नाही. ते शेवटपर्यंत रांगेवरच चालत होते. रांग सरकून भेगांच्या पट्ट्यात गेली होती. ती मोजून सरळ लावायचं काम माझं होतं. मी मोजली नाही आणि मोजली अशी सही केली. नंतर काठ्या हलवून रांग सरळ होती असं दाखवलं. चौदा नंबरची मूळ काठी अजून बर्फात उभी आहे, तिची आजची जागा सोबतच्या नकाशात दिली आहे. कुणालाही जाऊन आकडा वाचता येईल. येर्को यांच्या नावापुढचे 'स्वतःच्या मर्जीने' हे शब्द काढावेत. एलादियो बार्रिएंतोस, मोजणी सहायक."

दोन्या एउदोसियांना हे मोठ्याने वाचून दाखवा. माझं नाव आलं की थांबू नका.

एलादियो